तेविसावी नोंद

मी पोटात काही ठेवत नाही, अशी माझी ख्याती आहे. जावेची आमटी पाणचट झाली तर तिला तोंडावर सांगते, रांगेत घुसणाऱ्याला मागे पाठवते. त्यामुळे माझ्याजवळ न सांगितलेलं काही असेल, असा संशयही कुणाला येत नाही. आहे. एकच आहे. नवऱ्याला माहीत नाही, सुधीरला माहीत नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते जात नाहीये. चार वेळा कागद पुढे ओढला आणि चार वेळा उठून कुकर लावला, कपडे वाळत घातले, फोन केले.

सरळ मुद्द्यावर यायची मला सवय आहे. पण इथे आधी दोन कागदांचं सांगावं लागेल, नाहीतर मी नेमकं काय केलं ते कळायचंच नाही.

नव्वदच्या दशकात मी पेणहून रोज एसटीने रोह्याला जायचे. पूल ओलांडून अष्टमीत एका कापडाच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथे आमचं ऑफिस. मालक सुधीर – माझ्या नवऱ्याचा वर्गमित्र, मला वहिनी म्हणायचा. प्रोग्राम लिहायला तो आणि मी, दोन कॉम्प्युटर, एक ठोकळ्यासारखा यूपीएस आणि फ्लॉप्यांनी भरलेले बुटांचे खोके. आम्ही एकच पॅकेज विकायचो, कारखान्यांतल्या दवाखान्यांसाठी. कीटकनाशकं बनवणाऱ्या कारखान्यात पिंपं भरणाऱ्या कामगारांचं रक्त दर महिन्याला तपासतात. औषध अंगात भिनत गेलं की रक्तातल्या एका घटकाचं प्रमाण उतरतं. ते ठरावीक मर्यादेखाली गेलं, की त्या माणसाला भरणीच्या शेडमधून काढून बाहेर मोकळ्यावर काम द्यायचं, प्रमाण पुन्हा वर येईपर्यंत. आमचं पॅकेज हे आकडे ठेवायचं आणि महिन्याच्या शेवटी यादी छापायचं – ह्या माणसांना हलवा. एवढंच त्याचं काम. तीन कारखान्यांत ते चालू होतं.

पॅकेज विकलं की संपलं, असं नसतं. आज हे बदला, उद्या ते जोडा. प्रत्येक बदलानंतर नवी फ्लॉपी द्यायची, आणि फ्लॉपीबरोबर एक छापील पान – यावेळी काय काय बदललं ते सांगणारं. त्याला आम्ही बदलपत्रक म्हणायचो. ते मी लिहायचे. साध्या भाषेत, चार-पाच ओळींत. गिऱ्हाइकाला जे लागेल तेवढंच. कारखान्यातले लोक म्हणायचे, मॅडमचं पान वाचलं की कुणाला विचारायला लागत नाही. मला त्याचा अभिमान होता. अजूनही, खरं सांगायचं तर, असं पान मी चांगलंच लिहिते.

दुसरा कागद हा कागद नव्हताच. सुधीर पूर्वी मुंबईत एका मोठ्या कंपनीत होता. तिथून त्याने एक छोटा प्रोग्राम आणला होता. आम्ही लिहिलेल्या कोडची प्रत्येक आवृत्ती तो जपून ठेवायचा – कुणी बदललं, कधी बदललं, नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या. आणि दर वेळी विचारायचा, का बदललं? त्याचं उत्तर टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. प्रत्येक नोंदीला ओळीने नंबर पडत जायचा. सुधीर त्याला इतिहास म्हणायचा.

आमचा यावरून नेहमी वाद व्हायचा. मी म्हणायचे, पत्रक आहे ना? मग ही उठाठेव कशाला? स्वयंपाकघरातली सालं, देठं, सांडलेलं पीठ – हे कोण जपून ठेवतं? पानात वाढतो ते महत्त्वाचं. सुधीर हसायचा आणि म्हणायचा, "वहिनी, पान लोकांसाठी असतं. कुणाला बाधलं तर सालंच बघायला लागतात." मी चिडून नोंदी लिहायचे, पण लिहायचे. आणि कुणी वाचणार नाही या खात्रीनेच बहुधा – खऱ्या लिहायचे.

आता मोकलकाकांचं सांगते. तिथेच माझा हात अडतो.

तिन्हींपैकी एका कारखान्यात – नाव सांगत नाही – हरिश्चंद्र मोकल नावाचे कंपाउंडर होते. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातले आगरी. पन्नाशीचे, बुटके, कानाला अडकवलेली पेन्सिल. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मोकलच. गावात तर लोक त्यांनाच डॉक्टर म्हणायचे. कुणाला ताप, कुणाच्या पायात कालवाचं शिंपलं घुसलेलं – मोकलांच्या ओटीवर. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी त्याला जुनं टेबलक्लॉथ पांघरलं होतं आणि मला बघितलं की हाक मारायचे, "या काम्पुटरबाय, तुमचा सासरा झोपलाय बघा, उठवा."

त्यांची एक वही होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची. प्रत्येक कामगाराला एक पान आणि पानावर त्याच्या रक्ताचे महिन्या-महिन्याचे आकडे. पॅकेज बसवल्यावरही ते वहीत लिहायचे, मग कॉम्प्युटरमध्ये. मी ती बंद करायला लावली.

"दोन ठिकाणी लिहिलं की दोन ठिकाणी चुका होतात, काका," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या ना, मॅडम. वहीला लाइट लागत नाय."

"यापुढे तुम्ही फक्त आकडे टाकत जायचे. कुणाला हलवायचं ते निवडणं मशीनचं काम. तुम्ही डोकं लावायचं नाही."

डोकं लावायचं नाही – अगदी ह्याच शब्दांत. ते हसले. पुढच्या महिन्यापासून वही कपाटावर गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी त्या कारखान्याच्या पर्सोनेल ऑफिसरचा फोन आला. गेटवरच्या हजेरीत कंत्राटी माणसं जितकी, त्यापेक्षा आमच्या यादीत सहा-सात जास्त. "मॅडम, भुतं भरती केलीत काय? यादी साफ करून द्या," तो म्हणाला. मी बघितलं. एकाच नावाच्या सात जोड्या होत्या. कंत्राटदाराने दिलेल्या कागदात बापाचं नाव नसायचं; नाव, आडनाव, वाडी आणि बिल्ल्याचा नंबर, बस. त्यात एक जोडी होती लक्ष्मण वाघमारे. वाडी तीच. बिल्ला एकदा ११४, एकदा १४१. कुणीही म्हणेल, टाइप करताना आकडे उलटे पडले. मीही तेच म्हटलं.

पेणमध्ये शाळेपासून वाढलेली बाई मी. डोंगराकडेच्या कातकरी वाड्या एसटीच्या खिडकीतून बघितलेल्या. तीसेक घरांची वाडी, त्यात निम्मी घरं वाघमाऱ्यांची, आणि एकाच वयाचे दोन लक्ष्मण असणं ही तिथे अगदी साधी गोष्ट – हे मला माहीत नव्हतं. मोकलांना माहीत होतं. ते त्या दोघांना गोमाचा लक्ष्मण आणि बारक्याचा लक्ष्मण म्हणायचे. विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. रोह्यातल्या रोह्यात एक फोन. मी तो केला नाही. का? कारण मला खात्री होती. खात्री असलेल्या माणसाला कोण थांबवणार?

मी कोड लिहिलं. नाव तेच, वाडी तीच, कंत्राटदार तोच – तर माणूस एकच समजायचा, नंतरचा नंबर ठेवायचा. कुणी जुना नंबर टाकला तरी न कुरकुरता त्याच माणसाचं पान उघडायचं. सुबक काम होतं. मग त्या छोट्या प्रोग्रामने विचारलं, का बदललं? मी इंग्रजीत लिहिलं, मराठीत सांगते – "दुबार नावं एकत्र केली. गिऱ्हाइकाला विचारलेलं नाही, उघडच आहे." नोंद नंबर तेवीस. आणि पत्रकात लिहिलं, "कामगारांच्या यादीत नीटनेटकेपणा."

पुढे कळलं, सातातल्या सहा जोड्या खरोखरच दुबार होत्या.

इथपर्यंत ती चूक आहे. चूक सगळ्यांकडून होते, माझ्याकडून झाली. नुसत्या तेवढ्यासाठी मी हे लिहायला बसले नसते.

दोन महिने मोकल आकडे टाकत राहिले. ११४ टाकायचे, पडद्यावर लक्ष्मण वाघमारे यायचा, कोपऱ्यात बारीक अक्षरांत १४१. नाव बरोबर आहे म्हटल्यावर कोपऱ्यात कोण बघतो? आकडा टाकायचे. पुढे कधीतरी १४१ ची पाळी यायची, पुन्हा तोच लक्ष्मण, पुन्हा आकडा – आणि आधीचा पुसला जायचा. आधी भरलेला आकडा दाखवायचा नाही, रकाना कोराच उघडायचा, ही सोयही मीच करून ठेवली होती. ११४ हा गोमाचा लक्ष्मण भरणीच्या शेडमध्ये होता, त्याचं प्रमाण उतरत चाललं होतं. १४१ हा बारक्याचा लक्ष्मण बाहेर पिंपं धुवायचा, त्याचं रक्त ठणठणीत. दोन्ही महिने यादीत लक्ष्मण वाघमारे हे नाव आलंच नाही.

तिसऱ्या महिन्यात पहिल्या शिफ्टला तो शेडमध्येच पडला. दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. उचलून दवाखान्यात आणला. डॉक्टरांचा दिवस नव्हता. मोकलांनी स्वतःच्या जबाबदारीवर इंजेक्शन दिलं, पुन्हा दिलं, कारखान्याच्या जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. तो वाचला तो त्या इंजेक्शनांमुळे. हे नंतर इस्पितळातल्या डॉक्टरांनीच सांगितलं. ते कुणी कुठे लिहून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. हा माणूस यादीत का नव्हता, बघा. मी दवाखान्यात गेले, खुर्चीत बसले आणि ११४ टाइप केलं. लक्ष्मण वाघमारे. माझी नजर कोपऱ्यात गेली. १४१.

तेवढ्यात कळलं मला. पुढे काही तपासायची गरजच नव्हती. पाठीमागे मोकल माझ्यासाठी चहाचा कप घेऊन उभे होते. आदल्या दिवशीचाच शर्ट, खांद्यावर लाळेचा वाळलेला डाग.

"काय दिसतंय काय, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"बघते," मी म्हटलं.

हे पहिलं. "काका, माझी चूक आहे" – चार शब्द. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मला चहा संपवायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मला मिळाला होता. मी चहा संपवला. डेटा नीट करून आणते म्हटलं, फ्लॉपीवर उतरवून घेतला आणि अष्टमीला आले.

सुधीर त्या दिवशी ठाण्याला गेला होता. दुपारी मी ती माणसं एकत्र करणारी ओळ कोडमधून काढली. नोंद नंबर चोवीस. का बदललं, ह्याच्यापुढे लिहिलं, "किरकोळ." मग मी तो इतिहास पडद्यावर वरपासून वाचला. बावीस. तेवीस – माझं नाव, तारीख, आणि ते वाक्य. विचारलेलं नाही, उघडच आहे. पत्रकातली ओळ मला काहीच करू शकत नव्हती. नीटनेटकेपणा! त्यात खोटं काय होतं? यादी खरंच नीटनेटकी झाली होती. पत्रकात माणूस निवडून सांगतो, वगळतो, आणि वगळलेलं दिसत नाही. इतिहासाला वगळता येत नाही. म्हणून मी तो मोडला.

त्या प्रोग्राममध्ये मधली एखादी नोंद कायमची काढून टाकायची सोय होती. एका ओळीची आज्ञा. मी पुस्तकात शोधली, नीट वाचली आणि टाइप केली. घाबरून, भान सुटून वगैरे नाही. पोळी-भाजीचा डबा खाल्ला, हात धुतले आणि केलं. नंतर बॅकअपच्या दोन फ्लॉप्या काढून त्यांवरही तेच केलं. मग नवं पत्रक लिहिलं. पहिली ओळ, "अंतर्गत किरकोळ सुधारणा."

तुम्ही म्हणाल, निदान डेटा तरी नीट केला. हो, केला. जुन्या बॅकअपवरून ११४ ला पुन्हा वेगळा माणूस केला, त्याचे आधीचे सगळे आकडे जागच्या जागी बसवले. फक्त शेवटच्या दोन महिन्यांचे आकडे कुठेच नव्हते, ते पुसले गेले होते. ते दोन रकाने कोरे राहिले. राहिले म्हणजे – मी ठेवले. मला कळत होतं की त्या कोऱ्या रकान्यांचा अर्थ काय लावला जाईल.

तसाच लावला गेला. पर्सोनेल ऑफिसर, सेफ्टीवाला आणि मोकल पडद्यासमोर उभे होते आणि मी बटणं दाबत होते. ११४, लक्ष्मण वाघमारे. सगळे महिने भरलेले, शेवटचे दोन कोरे. प्रयोगशाळेच्या चिठ्ठ्या फायलीत सापडल्या. दोन्हींवर आकड्याभोवती लाल गोल होता. म्हणजे चिठ्ठी आली होती, आकडा धोक्याचा होता, आणि मोकलांनी तो कॉम्प्युटरमध्ये टाकला नव्हता.

"मी टाकला व्हता," मोकल म्हणाले.

"मग गेला कुठे, उंदराने खाल्ला?" ऑफिसर म्हणाला.

मोकलांनी माझ्याकडे बघितलं. आरोप करणारं बघणं नव्हतं ते. शाळेत उत्तर अडलं की हुशार मुलीकडे बघतात, तसं. मी पडदा पुसला. खरंच, पदराने धूळ पुसली.

कारखान्याने आम्हाला रीतसर पत्र पाठवलं – या काळात पॅकेजमध्ये काही बदल केला होता का, की ज्यामुळे भरलेला आकडा नाहीसा व्हावा? सुधीरने पत्रकं काढली, वाचली, बाजूला ठेवली. मग इतिहास उघडला. मी शेजारी बसले होते. त्याचं बोट पडद्यावरून खाली सरकत आलं आणि थांबलं. नोंद काढली तरी पुढचे नंबर मागे सरकत नाहीत. बावीसनंतर एकदम चोवीस.

"वहिनी, हा तेवीस कुठे गेला?"

"अरे, लाइट नव्हती का गेली? नोंद अर्धवट राहिली आणि नंबर पुढे गेला."

"च्यायला. यूपीएस बदलायलाच पाहिजे."

आणि त्याने बदलला. पुढच्याच आठवड्यात पनवेलहून नवा आणला. बावीस आणि चोवीस त्याने ताडून बघितले. त्यांत जवळजवळ काहीच फरक नव्हता, कसा असणार? मग त्याने मला उत्तराचं पत्र लिहायला सांगितलं, कारण पत्रं मी चांगली लिहायचे. आमच्याकडच्या बदलांच्या संपूर्ण इतिहासाची तपासणी केली असता, असा कोणताही बदल आढळून आला नाही. संपूर्ण – हा शब्द माझा. सुधीरने विश्वासाने सही केली. तो आज सत्तरीला टेकलाय, आणि त्या सहीत काय होतं ते त्याला माहीत नाही.

मोकलांना काढलं. पंचवीसेक वर्षांची नोकरी. युनियनवाले आले होते, पण छापील यादी, लाल गोल आणि आमचं पत्र बघून गप्प झाले.

माझी नोकरी गेली असती, म्हणून मी गप्प बसले का? नसती गेली. सुधीर चिडला असता, कारखान्याने पॅकेज कदाचित बंद केलं असतं, आणि सहा महिन्यांत सगळं शमलं असतं. मला नोकरीची भीती नव्हती. मला ते वाक्य कुणी वाचायला नको होतं. उघडच आहे. बस, एवढंच. एका माणसाचं आयुष्य आणि माझं एक वाक्य – मी वाक्य वाचवलं.

याच्यापेक्षा वाईट अजून पुढे आहे.

दोनेक महिन्यांनी मोकल ऑफिसमध्ये आले. जिना चढून धाप लागली होती. कानावर पेन्सिल नव्हती. सुधीर खाली चहा सांगायला गेला होता. ते बसले नाहीत.

"एक इचारायचा व्हता, मॅडम. मी भांडाया नाय आलो."

"बोला ना, काका."

"मना वाटतंय मी टाकलं व्हतं. बायको बोलते, तू टाकलंच असशील. पन रोज इचार करतो तर आता मना तो दिवसच आठवत नाय. चिठ्ठी हातात व्हती, त्ये आठवतंय. टाकली का, त्ये नाय." मग ते म्हणाले, "मीच इसरलो असंन का? मशीन कशाला खोटं बोलंल?"

ते मला विचारत होते. ज्या बाईला खरं माहीत होतं, तिलाच. जगात दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नव्हता, आणि ते बरोबर तिच्याकडेच आले होते.

मी म्हटलं, "होतं असं, काका. वयाने होतं. मनाला लावून घेऊ नका."

वयाने होतं. त्यांना बावन्न वर्षं झाली असतील. आज मी त्याहून मोठी आहे आणि दहा वर्षांपूर्वीच्या आवृत्त्यांचे नंबर मला पाठ आहेत.

त्यांनी मान हलवली. "व्हय. तसंच असंल," म्हणाले आणि जिना उतरले. ते जाताना मला हलकं वाटलं, हेही सांगते. त्यांनी मान्य केलं होतं. आता ते कुणाला विचारणार नव्हते.

गोमाचा लक्ष्मण इस्पितळातून आला, पण त्याचे पाय पूर्वीसारखे झाले नाहीत. पावलं ओढत चालायचा, हातात धरलेलं सुटायचं. कंत्राटदाराने बिल्ला परत घेतला. त्याची बायको रोह्याच्या बाजारात लाकडाची मोळी विकायला बसायची. एकदा मी तिच्या समोरून गेले. तिने मला मोळी घेता का म्हणून विचारलं, कारण मी कोण ते तिला माहीत नव्हतं. मी नको म्हटलं. आमच्याकडे गॅस होता. त्यांच्या वाडीवर मोकल जायचे, तांदूळ द्यायचे, असं कारखान्यातल्या एका ड्रायव्हरने सांगितलं. आपल्या हातून झालं म्हणून. मी कधी गेले नाही.

पुढे मी दुसरीकडे गेले, मोठ्या कामांवर. हाताखाली मुलं-मुली आल्या. मी त्यांना इतिहास कसा लिहायचा ते शिकवलं, आणि जुनी नोंद खोडायची नाही म्हणून असं काही दरडावलं, की मला घाबरतात. बाई फार सचोटीच्या, असं म्हणतात. मी त्यांना गप्प करत नाही.

मोकलांना मी शेवटचं बघितलं ते रोहा-पेण एसटीत. मी मागे, ते तीन बाकं पुढे. नागोठण्याला एक बाई चढली, कडेवर तापाने लाल झालेलं पोर. त्यांच्याच गावची असावी. तिने त्यांना ओळखलं आणि शेजारी बसली.

"बरा झाला तुम्ही भेटलात, डाक्टर. बघा ना वो ह्याला, सकाळपासून डोला उघडत नाय."

मोकलांनी पोराकडे बघितलं. हात पुढे केला, कपाळापर्यंत नेला आणि मागे घेतला. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मना नको इचारूस, बाय," ते म्हणाले. "मना नाय कलत आता. पेनला दवाखान्यात ने."

"अवो, नुसता हात लावून तरी –"

"नाय बोललो ना."

बाई तोंडात पदर धरून खिडकीबाहेर बघत बसली. पेण येईपर्यंत ते पोर त्यांच्या दंडाला टेकून होतं आणि त्यांनी दंड हलवला नाही. मला त्यांची मान दिसत होती. तीन बाकं ओलांडून जायचं होतं. कंडक्टर, गर्दी, चालती गाडी – काहीच आड नव्हतं. पेणला मी मागच्या बाजूने वळून, त्यांच्या नजरेला न पडता उतरले आणि भाजी घ्यायला गेले.

मोकलांनी आकडा टाकला होता. दोन्ही महिने टाकला होता. ते विसरले नव्हते.